पाळकीणबाई आणि निळ्या लादीचा संडास

पाळक प्रार्थनेला घरी येणार म्हटलं की लोक बैठकीची खोली आवरतात, सोफ्यावरची चादर बदलतात, टीव्ही बंद करतात. आमच्या मंडळीतले लोक संडास धुवायचे. कारण शिंदे पाळक एकटे कधीच यायचे नाहीत. बरोबर पाळकीणबाई असायच्या आणि त्यांना बैठकीच्या खोलीत काडीचाही रस नव्हता.

त्यांचं नाव रिबकाबाई. उंची बेताची, आवाज मात्र दोन बायकांचा. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात बायबल, गीतांचं पुस्तक आणि साबणाची वडी. दारात "जय ख्रिस्त" म्हणून झालं की पाळक खुर्चीत बसायचे आणि बाई थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचलून आत डोकावायच्या. मग भिंतीवर नजर फिरवायच्या. लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं दिसलं की चेहरा खुलायचा. नाही दिसलं, तर घरातल्या बाईला जवळ बोलावून लाडात विचारायच्या, "ताई, पाणी पेला बुडवून घेता ना? मग आज ह्या पिंपात किती जणांनी बोटं धुतली?"

तिथून मोर्चा मागच्या बाजूला. बाहेर पाळक डोळे मिटून, बायबल मांडीवर ठेवून ताटकळत असायचे. शेवटी न राहवून हाक मारायचे, "सुरू करू का?"

"थांबा," आतून आवाज यायचा. "अजून मोरी राहिलीय."

माझी आई ह्या भेटींचा मनापासून धसका घ्यायची. सकाळपासून फिनेल, ब्रश आणि तोंडाचा पट्टा. "नवरा येतो तो आशीर्वाद द्यायला, आणि ही येते परीक्षा घ्यायला," असं ती म्हणायची. पण बाईंनी एकदा तिच्या पिंपाचं सगळ्यांदेखत कौतुक केलं, तेव्हापासून ती परीक्षा आईला आवडायला लागली. शेजारणींकडे पाळक येऊन गेले की कोणाकडे काय सापडलं, ह्याची ती चौकशी करायची. पास झालेल्या माणसाला नापासांची नावं ऐकायला आवडतात.

मी त्या वेळी महापेला एका कंपनीत नोकरीला होतो आणि रविवारी कळंबोलीच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचो. चर्च म्हणजे लोखंड बाजाराच्या मागचं एक जुनं गोदाम, रंग देऊन, खिडक्या पाडून उपासनेला लायक केलेलं. शेजारी ट्रकचे तळ. आम्ही गीताचं तिसरं कडवं उचललं की पलीकडे हमखास ट्रेलरमधून सळया उतरायला लागायच्या. पेटीवाल्या माणसाला सुराची चाड असते, त्यामुळे माझा जीव जायचा. बाई मात्र म्हणायच्या, "वाजू दे रे. तीही माणसं कामच करतायत. तू जरा जोरात वाजव."

त्या नगर जिल्ह्यातल्या. लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ जुलाबाने गेला. त्याच्यासाठी वस्तीतल्या सगळ्या लोकांनी रात्रंदिवस प्रार्थना केली होती. ही गोष्ट त्या फारशी सांगत नसत. सांगितलीच तर एवढंच म्हणायच्या, "प्रार्थना चांगली होती. पाणी वाईट होतं." आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या. मला वाटतं, पुढचं त्यांचं सगळं आयुष्य त्या दोन वाक्यांतून निघालं. देवावर त्या कधी रुसल्या नाहीत. पिंपांवर मात्र त्यांनी डोळा ठेवला.

"हात धुवा, मग हात जोडा," हे त्यांचं ब्रीद. लग्नातला त्यांचा आहेरही ठरलेला असायचा. माझ्या लग्नात चमकत्या कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आली. पेटीवाल्याला बासरी दिली असेल, अशी माझ्या मेहुण्यांची पैज लागली. कागद काढला तर स्टीलचं ओगराळं. त्या दिवशी मी जरा खट्टू झालो होतो. बाकीच्या आहेरातलं आज घरात काहीही शिल्लक नाही, ओगराळं मात्र रोज हातात असतं.

बाईंचा एक रविवार अजून मंडळीत कोणी विसरलेलं नाही. त्या दिवशी त्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होत्या. हात पिवळे धमक. स्वयंपाकघरातून तशाच धावत आल्या असतील, असं समजून कोणी काही बोललं नाही. उपासना झाली, प्रवचन झालं. शेवटच्या प्रार्थनेआधी बाई उठून समोर आल्या.

"आता सगळ्यांनी डोळे उघडा आणि शेजाऱ्याकडे बघा," त्या म्हणाल्या.

आम्ही बघितलं. कोणाच्या कपाळाला हळद, कोणाच्या पांढऱ्या सदऱ्याला. गीतांच्या पुस्तकांची पानं पिवळी. एका तान्ह्या बाळाचे दोन्ही गाल पिवळे, कारण त्याचा गालगुच्चा घेतल्याशिवाय कोणी पुढे सरकलं नव्हतं. माझ्या पेटीच्या पट्ट्या पिवळ्या झाल्या होत्या आणि प्रवचन रंगात आलं की नाक चोळायची सवय असलेल्या शिंदे पाळकांचं नाक हळदीच्या गड्ड्यासारखं दिसत होतं.

"ही हळद होती म्हणून दिसली," बाई म्हणाल्या. "जी दिसत नाही, ती तुम्ही रोज घरी नेता. बाहेर नळाजवळ साबण ठेवलाय. आता चला."

आम्ही हसत हसत रांगेत उभे राहिलो. पेटीच्या पट्ट्या पुसताना मी चिडलो होतो, आणि हसूही आवरत नव्हतं.

आमच्याकडे कापणीचा सण असतो. गावाकडे शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून अर्पण करतात, मग त्याचा लिलाव होतो. कळंबोलीत कोणाचं शेत? पण सण सोडवत नाही. मग कोणी कुंडीतल्या मिरच्या आणतं, कोणी बाजारातला भोपळा, कोणी गावाहून मागवलेली कोंबडी. करावे गावातल्या हिराबाई नावाच्या कोळणीकडून बाई मासे घ्यायच्या. त्या हिराबाई दर वर्षी एक मोठा जिताडा पाठवायच्या. "तुमचा देव काय खातो ते मना ठाव नाय," त्या बाईंना म्हणाल्या होत्या, "पन तुजा नवरा जिताडा खातो ना? मंग घे."

त्या वर्षीचा लिलाव जाधवकाका पुकारत होते. हे मंडळीतले सगळ्यात वडील पंच. ट्रान्सपोर्टमध्ये आयुष्य गेलेलं, आवाज लाउडस्पीकरसारखा. चर्चला एक मोठी घंटा बसवायची, उंच मनोऱ्यात, हे त्यांचं एकच स्वप्न होतं. जिताड्याची बोली चढत होती आणि मागच्या दाराशी बसलेली सुमन एकदम आडवी झाली.

सुमनची ट्रकच्या तळाजवळ चहा-भजीची टपरी होती. बीडकडून आलेलं जोडपं, राहायला तिथेच पत्र्याच्या खोलीत. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि पेला ओठांना लावला. सुमननं तोंड फिरवलं.

"पी गं. ओठ बघ कसे फुटलेत."

"नगं बाई."

"पाणी उकळलेलं आहे. मी स्वतः उकळलंय."

"त्ये न्हाई," सुमन अगदी हळू म्हणाली. "पानी पिलं मंग जायचं कुठं? समदे ड्रायव्हर उभे अस्त्यात तिथं. म्या पहाटं जाते अंधारात, मंग अंधार पडल्यावरच."

तिला डॉक्टरकडे नेलं. लघवीच्या जागी जंतू झाले होते आणि हे पुन्हा पुन्हा होत होतं. दिवसभर भरपूर पाणी प्यायली नाही तर मूत्रपिंडावर जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. परतताना रिक्षात रिबकाबाई सुमनचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी समोर ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर होतो. पाणी झाका, पाणी उकळा, पाणी प्या, हे त्या वर्षानुवर्षं घरोघर सांगत होत्या, आणि त्यांच्याच मंडळीतली एक बाई पाण्याला भिऊन जगत होती.

पुढच्या पंचांच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, घंटा नंतर. आधी चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत संडास. एक बायकांचा, एक पुरुषांचा, आणि तो फक्त मंडळीसाठी नाही, तळावरच्या सगळ्यांसाठी.

जाधवकाका उखडले. "बाई, आमी चर्च बांधलं, आता सुलभ चालवायचं काय? लोक काय बोलतील? नुसतं टेन्शन."

"काका, घंटा वाजवली की माणूस येईल," बाई म्हणाल्या. "पण आला तर बसेल कशाच्या भरवशावर? तुम्ही प्रवचनाच्या मध्येच उठून ट्रकच्या आड कुठं जाता, ते प्रभूला ठाऊक आहे, आणि मला."

काकांना साखरेचा त्रास होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पाळकांनी मान खाली घालून बायबलची पानं उलटायला सुरुवात केली. घंटा पुढे ढकलली गेली.

पण जाधवकाका हरले तरी हौशी माणूस. संडास बांधायचाच तर चर्चला शोभेल असा, असं म्हणून त्यांनी सगळं अंगावर घेतलं. उन्हातान्हात गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले. बाहेरून निळी लादी, वर छोटासा पांढरा क्रूस, दारावर संगमरवरी पाटी आणि तिच्यावर जीवनाच्या पाण्याबद्दलचं बायबलचं वचन. बाई रोज येऊन लादीवरून हात फिरवायच्या. लेकीचं लग्न निघाल्यासारख्या त्या आनंदात होत्या, आणि त्याच आनंदात त्यांच्या हातून चूक झाली. त्यांनी ठरवलं की ह्या वास्तूचा रीतसर समर्पणविधी करायचा.

काय तो थाट. पाळक पांढऱ्या झग्यात, पुढे क्रूस धरलेली मुलं, मागे गाणारी मंडळी, गळ्यात पेटी अडकवून मी. चर्चला वळसा घालून मिरवणूक संडासापर्यंत गेली. पाळकांनी उंबऱ्यापाशी पायातले बूट काढले, रिबीन कापली, आत पाऊल टाकलं आणि ही वास्तू प्रभूच्या गौरवासाठी वेगळी केली, अशी भली मोठी प्रार्थना केली. बायकांचे डोळे भरून आले. जाधवकाकांचे तर वाहायलाच लागले. तळावरचे ड्रायव्हर टपांवर चढून बघत होते. मग पेढे वाटले.

आणि त्या दिवसापासून तिथे चिटपाखरू गेलं नाही.

पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, लोक लाजत असतील. दुसऱ्या दिवशी पायरीवर मेणबत्त्या दिसल्या. मग क्रूसाला झेंडूचा हार आला. एक सरदारजी ड्रायव्हर तिथून जाताना गाडी हळू करून कपाळाला हात लावायला लागला. कोणीतरी नारळ ठेवला. बायका यायच्या, चपला काढायच्या, उंबऱ्याला हात लावायच्या आणि डबा घेऊन पूर्वीसारख्याच अंधाराची वाट बघायच्या.

रिबकाबाई सुमनच्या टपरीवर गेल्या. मी चहा पीत होतो.

"का गं नाही जात?"

"बाई, येवढी मोठी प्रार्थना झाली तिथं," सुमन म्हणाली. "पाळकांनी सुदिक बूट काढले. वर द्येवाचा शब्द लिवलाय. तिथं म्या कशी बसू? पाप लागंल."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं, पदर तोंडाला लावून, अंग गदगदा हलत होतं. मग त्यांचं लक्ष सुमनच्या ओठांकडे गेलं. तसेच फुटलेले, कोरडे. कपाळाला हात लावून पाहिला तर ताप होता. बाईंचं हसू एकदम थांबलं.

"हे मी केलं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी संडास बांधायला निघाले आणि देऊळ बांधून बसले."

त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केले, तेवढ्यात बाई पुढच्या बाकावरून उठल्या. अंगावर त्यांची ठेवणीतली पांढरी सिल्कची साडी होती. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात तसेच वर ठेवले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला कधी थांबायचं ते कळतं.

"सगळे मागे चला," बाई म्हणाल्या. "तळावरच्या बायकांना पण हाका मारा. आणि तू पेटी घे."

आम्ही सगळे मागे जाऊन उभे राहिलो. सुमन टपरी सोडून आली. बाईंनी पायरीवरच्या मेणबत्त्या उचलून जाधवकाकांच्या हातात दिल्या, नारळ पाळकांच्या हातात दिला. नळाखाली प्लास्टिकचा डबा भरला. निऱ्या थोड्या वर खोचल्या. आणि चपला पायात तशाच ठेवून त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. दार लागलं. कडी वाजली.

"गाणं म्हणा ना," आतून आवाज आला. "नुसते उभे काय राहिलात?"

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पेटी वाजवली आहे, पण इतकं अवघडलेलं कडवं कधी वाजवलं नाही. पाळकांनी नारळ सांभाळत सूर धरला आणि हळूहळू मंडळी गायला लागली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात बायकांच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं आणि ते हसू पसरत गेलं. माझी आई तर डोळे पुसत होती. मग आत भरपूर पाणी ओतल्याचा आवाज आला.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या, नळाशी गेल्या, पिशवीतली साबणाची वडी काढून कोपरापर्यंत हात धुतले. मग पदराला हात पुसत सगळ्यांकडे वळल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तो संडास आहे. सुमन, ये."

सुमन जागची हलेना. तिनं पाळकांकडे पाहिलं. शिंदे पाळक तसे भिडस्त आणि पुस्तकी, पण त्या दिवशी नारळ काखेत धरून ते म्हणाले, "जा बाळा. प्रभू काही रागवत नाही. त्यालाही आता बरं वाटलं असेल."

सुमन चपला काढायला वाकली. बाईंनी तिचं मनगट धरलं. "चपला घालूनच," त्या म्हणाल्या आणि डबा तिच्या हातात दिला. सुमन आत गेली. तिच्यामागे तळावरच्या दुसऱ्या बाईनं नंबर लावला, मग तिसरीनं. रांग लागली तसा गोंगाट झाला. कोणी टाळ्या वाजवल्या ते मला आठवत नाही, बहुधा सगळ्यांनीच. पुरुषांच्या बाजूला कोण पहिला, असा घोळ चालला होता. पाळकांनी जाधवकाकांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काका, तुम्ही मंडळीत वडील. तुमचाच मान." काकांनी हातातल्या मेणबत्त्या माझ्या पेटीवर ठेवल्या आणि प्रभुभोजनाला निघाल्यासारखे गंभीर पावलं टाकत आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्यांनी पुन्हा घंटेचा विषय काढला नाही, निदान पुढचे काही महिने.

संगमरवरी पाटी त्यांनीच दारावरून उतरवली आणि बाहेरच्या पिण्याच्या नळावर बसवली. तिथे ती शोभतेही. क्रूस मात्र बाईंनी राहू दिला. "त्यानं काय काय सोसलंय," त्या म्हणाल्या, "ह्याचं काय वाटणारय त्याला."

पाळकांची बदली ठरलेलीच असते. दोन-तीन वर्षांनी शिंद्यांची जालन्याकडे झाली. निरोपाच्या रविवारी एकेक जण भेटवस्तू घेऊन पुढे आला, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसापासून मंडळीत खसखस पिकली. सगळ्यांच्या हातात तीच लांबट, चमकत्या कागदातली वस्तू होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं तर पितळेचं आणलं होतं. बाईंनी ती सगळी ओगराळी कवेत घेतली. मी पेटीचा भाता उगाचच हलवत बसलो.

सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. मी महापेला जायच्या आधी निरोप द्यायला गेलो होतो. पाळक मधे, बाई खिडकीशी, मांडीवर ओगराळ्यांचा भारा. टेम्पो हलला की भारा खणखण वाजायचा. सुमनच्या टपरीपाशी बाईंनी गाडी थांबवायला लावली. दहाचा सुमार, तळावर ड्रायव्हरांची ही गर्दी.

सुमन बाहेर आली. तिच्या एका हातात भरलेला तांब्या होता. बाईंना वाटलं आपल्यासाठी आहे, म्हणून त्यांनी हात पुढे केला. पण सुमननं तांब्या स्वतःच्याच तोंडाला लावला आणि सगळ्या गर्दीदेखत, मान मागे टाकून, ती घटाघटा अख्खा तांब्या प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. पदरानं तोंड पुसून तिनं रिकामा तांब्या उलटा करून दाखवला.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अजून एक पी," त्या म्हणाल्या.

"पिते की. दिवसभर पिते आता." सुमन जवळ आली, खिडकीवर ठेवलेला बाईंचा हात तिनं धरला. "बाई, तिकडं गेल्यावर संडास बांधा."

"बांधणार ना."

"पर उद्घाटन नका करू."

टेम्पो निघाला, तळ ओलांडून पुण्याच्या रस्त्याला वळला. ट्रेलर, हॉर्न, उतरणाऱ्या सळया, सगळं चालू होतं. तरी बराच वेळ मला ओगराळ्यांची खणखण आणि बाईंचं हसणं ऐकू येत होतं.